लाल किटली

जपानी चित्रपट दिग्दर्शक यासुजिरो ओझूवर जीव असलेली चार माणसं एकत्र आली की सुरुवातीला सगळी एकाच सुरात बोलतात. जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा, नट चिशू र्‍यूचा तो हुंकार, नटी सेत्सुको हाराचं हसू, मधेच येणारी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. मग कुणीतरी विचारतं, ‘तुम्हाला कुठला ओझू जास्त आवडतो? काळा-पांढरा की रंगीत?’ आणि तट पडतात. हा वाद मी पुण्यात खेळ सुटल्यावर थिएटरच्या पायऱ्यांवर ऐकला आहे, मित्रांच्या घरच्या बैठकीत ऐकला आहे, समीक्षकांच्या जाडजूड पुस्तकांत वाचला आहे. माणसं बदलतात, पण आवाजातली कळकळ तीच राहते.

ओझूची कारकीर्द १९२७ साली सुरू झाली आणि १९६२ साली थांबली. चित्रपट पन्नासच्या वर. त्यांतले सुरुवातीचे बरेचसे मूकपट कायमचे हरवले. १९५७ च्या ‘टोकियो ट्वायलाइट’पर्यंत सगळं काळ्या-पांढऱ्यात. त्यानंतर लागोपाठ सहा रंगीत चित्रपट: ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’, ‘गुड मॉर्निंग’, ‘फ्लोटिंग वीड्स’, ‘लेट ऑटम’, ‘दि एंड ऑफ समर’ आणि ‘ॲन ऑटम आफ्टरनून’. १२ डिसेंबर १९६३ ला, ऐन साठाव्या वाढदिवशी, कॅन्सरने तो गेला. रंगीत ओझू आपल्याला मिळाला तो एवढाच, १९५८ ते १९६२ या काळातला.

काळ्या-पांढऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं पारडं तसं जडच. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा आणि दिग्दर्शकांचा कौल घेतं. २०१२ साली दिग्दर्शकांनी ‘टोकियो स्टोरी’ला पहिलं स्थान दिलं. २०२२ साली समीक्षकांच्या यादीत हाच चित्रपट चौथा आणि ‘लेट स्प्रिंग’ एकविसावा. पहिल्या शंभरात ओझूचे हे दोनच, आणि दोन्ही काळे-पांढरे. रंगीत सहांपैकी एकही नाही. आमच्या ओळखीतले एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांनी उभी हयात फिल्म सोसायटीसाठी रिळांचे डबे वाहण्यात घालवली, ते तर स्वच्छ सांगतात, ‘अगं, ओझू ‘टोकियो ट्वायलाइट’ला संपला. पुढचे सहा गोड आहेत. गोड म्हणजे काय, ते तू समज.’

त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही, कारण त्यांच्या हातात ‘लेट स्प्रिंग’चा शेवट आहे. १९४९ चा चित्रपट. कामाकुराला राहणारे विधुर प्राध्यापक सोमिया (चिशू र्‍यू) आणि त्यांची सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको. तिला वडिलांना सोडून लग्न करायचं नाही. तिने करावं म्हणून वडील थाप मारतात की मी स्वतःच दुसरं लग्न करतोय. लग्न होतं. नवरामुलगा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही, लग्नसोहळाही दिसत नाही. दिसतात ते रात्री रिकाम्या घरी परतलेले वडील. ते खुर्चीवर बसतात आणि सफरचंद सोलायला घेतात. साल अखंड, एका पट्टीत निघत जाते, लांब होत जाते आणि खाली पडते. सुरी थांबते. मान खाली जाते. बस्स, एवढंच. चिशू र्‍यूने पुढे सांगितलं होतं की ओझूला तिथे त्याने मोठ्याने रडायला हवं होतं, आणि ते आपल्याला जमणार नाही असं त्याने सांगितलं. त्याच्या त्या नकारातून ही झुकलेली मान मिळाली.

आता हे दृश्य पडद्यावर नीट पाहा. सफरचंद लाल आहे हे आपल्याला ठाऊक आहे, पण दिसत नाही. दिसते ती राखाडी रंगाची एक छटा, जी खुर्चीतही आहे, भिंतीतही आहे आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरही आहे. फ्रेममधली प्रत्येक वस्तू त्याच्यासारखीच झालेली आहे. घर त्याच्याबरोबर शोक करतंय. काळ्या-पांढऱ्या ओझूची सगळी ताकद इथे आहे असं मला वाटतं, आणि त्याचा आधारही इथेच आहे. प्रेक्षक म्हणून आपण त्या दुःखात एकटे पडत नाही. भिंती, सरकते दरवाजे, जमिनीवरच्या तातामी चटया, बाहेरचा समुद्र, सगळे आपल्या बाजूला उभे असतात.

रंगीत ओझूने हा आधार काढून घेतला. म्हणूनच मी त्याच्या बाजूची आहे.

‘ॲन ऑटम आफ्टरनून’ १९६२ चा. गोष्ट जवळजवळ तीच: विधुर बाप, लग्नाला आलेली मुलगी, आणि ‘आता हिचं उरकायला हवं’ असं वाटायला लावणारे मित्र. बाप पुन्हा चिशू र्‍यूच, तेरा वर्षांनी थोराड झालेला. लग्नाच्या दिवशी मुलगी वधूवेशात वडिलांसमोर येते, निघून जाते, आणि तिच्या खोलीत आरसा आणि स्टूल उरतं. इथवर सगळं ‘लेट स्प्रिंग’सारखंच. पण त्या रात्री हा बाप, हिरायामा, घरी जाण्याआधी त्याच्या नेहमीच्या बारमध्ये थांबतो. बार चालवणारी बाई त्याला त्याच्या गेलेल्या बायकोसारखी वाटते. त्याच्या अंगावरचा काळा सूट पाहून ती विचारते, आज कुठून आलात, कुणाच्या अंत्यविधीवरून का? तो म्हणतो, हं, तसंच काहीसं. घरी आल्यावर थोरला मुलगा आणि सून निघून जातात, धाकटा अंथरुणावर पडतो. हिरायामा जुन्या आरमारी कूचगीताचे बोल पुटपुटत राहतो. मग उठून स्वयंपाकघरात जातो, किटलीतून कपात पाणी ओततो, पितो आणि तिथेच बसून राहतो.

त्या वेळी घर कसं दिसतं? छान दिसतं. रंग जिथल्या तिथे. लाकडाचा तो उबदार तपकिरी, मधेच एखादा हिरवा, एखादा ठसठशीत लाल. मुलगी गेल्याचं त्या रंगांना काहीही वाटलेलं नाही. कालपर्यंत होते तसेच ते आज आहेत. ‘लेट स्प्रिंग’मध्ये घराने बापाला मिठीत घेतलं होतं, इथे घर नुसतं नीटनेटकं आहे. माझ्या मते हे दुःख जास्त खरं आहे. आपल्याकडे कुणी गेलं म्हणजे काय होतं? दारातली जास्वंद दुसऱ्या दिवशीही फुलतेच, आणि तिचं ते फुलणं सहन होत नाही. ओझूने रंग वापरला तो या न सहन होण्यासाठी.

गंमत अशी की रंगाकडे तो स्वतः धावत गेला नव्हता. ध्वनीच्या बाबतीतही त्याचं असंच होतं. बाकीचे बोलपट काढत असताना त्याने १९३६ पर्यंत थांबून पहिला बोलपट केला. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट १९५१ साली निघाला, केइसुके किनोशिताचा, आणि तोही ओझूच्याच शोचिकू कंपनीचा. ओझू त्यानंतर सात वर्षं काळ्या-पांढऱ्यातच काम करत राहिला. १९५८ साली ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’साठी दाइएई कंपनीकडून फुजिको यामामोतो ही मोठी तारका उसनी आणली होती, आणि शोचिकूला ती रंगात हवी होती. तेव्हा ओझूने होकार दिला. मात्र फिल्म कुठली वापरायची ते त्याने ठरवलं: जर्मनीची आगफा. तिच्यात लाल त्याला हवा तसा उतरत होता. रुंद पडद्याला मात्र त्याने शेवटपर्यंत दाद दिली नाही; बाकी सगळे रुंद होत गेले, त्याची चौकट जुनीच राहिली.

हा लाल काय करतो ते पाहायचं तर ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’मधली किटली पाहावी. हिरायामा नावाच्या, सुखवस्तू कंपनी अधिकाऱ्याचं घर आहे. (ओझूच्या चित्रपटांत हे आडनाव पुन्हा पुन्हा येतं, आणि हा हिरायामा वेगळा, शिन साबुरीने केलेला.) दुसऱ्यांच्या मुलींना हा गृहस्थ प्रेमविवाहाबद्दल उदार सल्ले देतो, आणि स्वतःच्या मुलीने आपला जोडीदार निवडला की फुरंगटून बसतो. त्याच्या घरात जमिनीवर एक लालभडक किटली ठेवलेली असते. कथेत तिला काडीचं काम नाही. पण एका शॉटमध्ये ती इथे असते, पुढच्या शॉटमध्ये जराशी तिथे, कधी चौकटीच्या अगदी कोपऱ्यात. ओझू कॅमेऱ्यातून पाहून वस्तू बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत बसायचा, हे त्याच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांनी सांगून ठेवलं आहे. खोलीत बाप चिडलेला, आई गप्प, लेक उभी, आणि खाली ती लाल किटली.

माझे एक स्नेही निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. त्यांनी हा चित्रपट पाहिला तो जवळजवळ कथेकडे दुर्लक्ष करून. नंतर म्हणाले, ‘लाल कुठे आहे तेवढंच मी शोधत होतो. प्रत्येक चौकटीत आहे, आणि प्रत्येक वेळी थोडाच आहे. जास्त लाल वापरणं कुणालाही येतं हो!’ मी त्यांना विचारलं, कथा कशी वाटली? त्यावर ते म्हणाले, ‘आईची गोष्ट आहे ती. बापाची नाहीच.’ कथेकडे न पाहता कथा त्यांना बरोबर सापडली होती. किनुयो तानाकाने केलेली ती आई चित्रपटभर फार थोडं बोलते, आणि जे बोलते ते हाकोनेच्या तळ्याकाठी. ऊन पडलंय, तळं निळं आहे, दोन्ही मुली होडीतून वल्हवत हात हलवतायत. नवरा-बायको बाकावर बसले आहेत. आणि ती सांगते की मला कधीकधी युद्धाचे दिवस आठवतात. हल्ल्याच्या वेळी आपण चौघं खंदकात एकमेकांना बिलगून बसायचो, अंधारात, मेलो तर सगळे एकत्र मरू म्हणून. तेव्हा बरं वाटायचं. नवरा म्हणतो, मला ते दिवस अजिबात आवडले नाहीत.

हे दृश्य काळ्या-पांढऱ्यात असतं तर तळ्यावर तिच्या आठवणीची सावली आली असती. आगफाच्या त्या स्वच्छ निळ्यात सावलीला जागाच नाही. बाई अंधाराबद्दल बोलते आहे आणि पडद्यावर अंधार कुठेही नाही, तो तिच्या एकटीच्या आत आहे. शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही तो दिसत नाही. एवढं सुख आजूबाजूला असताना बाईला खंदक का आठवावा, हा प्रश्न माझ्या आईच्या पिढीतल्या बायकांना पडला नसता, त्यांना तो लगेच कळला असता.

रंगाला नावं ठेवणाऱ्यांचा एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: रंगीत ओझू जाहिरातीसारखा दिसतो. सगळं चकचकीत, सगळं नवं. एका मुलीने, जी सिनेमा शिकते आहे, मला सांगितलं की तिला तो फर्निचरच्या दुकानाचा कॅटलॉग वाटला. तिचं निरीक्षण चुकीचं नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. १९४९ च्या घरातल्या वस्तू वाडवडिलांपासून आलेल्या आहेत. त्यांना कुणी विकत आणलेलं नाही. बाहेरचं जग दिसतं ते नोरिको सायकलवरून समुद्रावर जाते तेव्हा, रस्त्याकडेच्या कोका-कोलाच्या पाटीवर. अमेरिकी फौजांचा ताबा अजून उठायचा होता. १९६२ च्या घरात मात्र जवळपास प्रत्येक वस्तू कुणीतरी दुकानातून आणलेली आहे, किंवा आणायचं घाटतं आहे. थोरला मुलगा फ्रिजसाठी म्हणून बापाकडून पैसे घेतो, आणि त्यातून गोल्फच्या काठ्या घ्यायचं त्याच्या मनात असतं. बायको ताडकन उत्तर देते. नवरा-बायकोतला तो रुसवा, काठ्यांचा तो संच, सिगारेट ओढत मुकाट बसलेला, थोरला मुलगा झालेला केइजी सादा; असलं प्रेमळ भांडण मी पडद्यावर क्वचितच पाहिलं आहे. चित्रपट उघडतो तोच लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कारखान्याच्या धुराड्यांवर. हा रंग त्या धुराड्यांच्या खालूनच निघालेला आहे. जपानला टोस्टर, व्हॅक्यूम क्लीनर, टीव्ही मिळत होते, आणि ते सगळे रंगाचे डबे घेऊनच आले होते.

टीव्हीवरून आठवलं. एप्रिल १९५९ मध्ये युवराजांचं लग्न झालं, ते पाहायला म्हणून जपानभर लोकांनी टीव्ही घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, जपानी चित्रपटगृहांत ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली होती. तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. ‘गुड मॉर्निंग’मध्ये दोन भाऊ टीव्ही मिळेपर्यंत मौन धरतात आणि सगळ्या आळीत गैरसमजांचा धुरळा उडतो. मुलांना दाखवायचा असेल तर हाच आधी दाखवा, पादण्याचे विनोद त्यांना फार आवडतील. मला तो आवडतो, पण माझ्या मनात घर करून राहिलेला नाही.

काळा-पांढरा आणि रंगीत यांची खरी तुलना करायची सोय ओझूने स्वतःच करून ठेवली आहे, कारण त्याने जुन्या गोष्टी पुन्हा सांगितल्या. १९३४ साली त्याने फिरत्या नाटक मंडळीवर मूकपट केला होता, तोच १९५९ मध्ये ‘फ्लोटिंग वीड्स’ म्हणून दाइएईसाठी पुन्हा केला. या वेळी कॅमेऱ्यामागे त्याचा नेहमीचा युहारु आत्सुता नव्हता, काझुओ मियागावा होता, ज्याने कुरोसावाचा ‘राशोमोन’ टिपला. पहिल्याच चौकटीत लांबवर पांढरं दीपगृह आणि समोर वाळूवर जवळजवळ त्याच उंचीची दिसणारी एक बाटली. मंडळीचा म्होरक्या एका किनारी गावात येतो. तिथे त्याची जुनी प्रेयसी आणि तिच्यापासून झालेला मुलगा राहतो. मुलाला तो मामा म्हणूनच माहीत आहे. आताची बाई, मंडळीतली नटी, हे ओळखते आणि पेटून उठते. दोघांचं भांडण होतं ते मुसळधार पावसात, अरुंद रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन वळचणींखाली. मधे पागोळ्यांची भिंत. तो इकडून शिव्या घालतो, ती तिकडून उलट बोलते, तो येरझाऱ्या घालतो.

हे पावसातलं भांडण १९३४ च्या मूकपटातही आहे, आणि तेही विलक्षण आहे. तिथे पाऊस आणि माणसं एकाच धाग्याने विणल्यासारखी. राग जणू आभाळातून खाली येतो. १९५९ मध्ये नटी झालेल्या माचिको क्योच्या किमोनोचा रंग, लाकडाचा ओला काळपट तपकिरी आणि मधला पाण्याचा पडदा, सगळं वेगवेगळं राहतं. दोन माणसं एका रस्त्याने नाही, आख्ख्या आयुष्याने तुटलेली दिसतात. आमच्या त्या ज्येष्ठांना मूकपटातला पाऊस जास्त आवडतो, आणि ते म्हणतात त्यात तथ्य आहे: मूकपटातला राग मोठा आहे. मला विचाराल तर १९५९ च्या चित्रपटात राग ओसरल्यावर काय उरतं ते जास्त कळतं. शेवटी तीच दोघं स्टेशनवर भेटतात, ती काडी ओढून त्याची सिगारेट पेटवते, तो आधी नको म्हणतो. मग रात्रीची गाडी. अंधारात दूर जाणारे तिचे मागचे लाल दिवे. त्या दिव्यांसाठी तरी रंग हवाच होता!

आणि आता ‘लेट ऑटम’. १९६० चा हा चित्रपट पाहताना एक गोष्ट ठाऊक असली तर काळीज हलतं: ‘लेट स्प्रिंग’मध्ये लग्न नको म्हणणारी मुलगी झालेली सेत्सुको हारा इथे मुलीचं लग्न करून देणारी विधवा आई आहे. अकरा वर्षांनी तीच बाई त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी. तेव्हा वडिलांनी थाप मारली होती, इथे दिवंगत नवऱ्याचे तीन मित्र आईच्या पुनर्विवाहाची आवई उठवतात आणि मुलगी दुखावते. या तीन मित्रांची चेष्टामस्करी मला जरा लांबलेली वाटते. विधवेच्या आयुष्याशी मध्यमवयीन पुरुष असे खेळतात तेव्हा मला हसू येत नाही. पण त्यांना खडसावणारी एक मुलगी ओझूने चित्रपटात ठेवली आहे, मारिको ओकादाने केलेली युरिको, आणि ती त्यांना ओळीने उभं करून झापते तेव्हा जिवात जीव येतो.

आई आणि मुलगी शेवटची सहल काढतात, जशी बापलेकीने क्योटोची काढली होती. लग्न होतं. रात्री आई फ्लॅटमध्ये एकटी. इथे सफरचंद नाही, झुकलेली मान नाही. ती बसते, आणि तिच्या चेहऱ्यावर एक बारीकसं हसू येतं. एवढंच.

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली. तिला मी हे दोन्ही चित्रपट दिले. ‘लेट स्प्रिंग’ पाहून ती खूप रडली आणि तिला मोकळं वाटलं. ‘लेट ऑटम’ पाहून ती रडली नाही. फोनवर म्हणाली, ‘तो पहिला पाहून वाटलं, कुणीतरी माझी समजूत काढली. हा दुसरा मला आवडला नाही गं. तिच्या घरात सगळं इतकं छान मांडलेलं आहे. माझ्याही घरात सगळं छानच मांडलेलं आहे.’ तिला तो आवडला नाही हे तिचं मत मी मोलाचं मानते. रंगीत ओझूबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा तिने तो जास्त नीट पाहिला होता.

तरुण प्रेक्षकांचं गणित आणखी वेगळं. माझा भाचा लॅपटॉपवर चित्रपट पाहतो. त्याच्या मते काळा-पांढरा चित्रपट सुरू झाला की आपण आदराने बसतो. यातली माणसं कधीच गेली, हे जुनं आहे, अभिजात आहे, असं मन आधीच ठरवून टाकतं. रंगीत ओझू पाहताना ही सोय राहत नाही. ‘मावशी, ती माणसं आत्ता आहेत असं वाटतं, म्हणून त्रास होतो,’ असं तो म्हणाला. समीक्षक शिगेहिको हासुमी यांनीही अशा आदरावर बोट ठेवलं आहे. परदेशी लोकांना ओझू म्हणजे धूसर, गूढ, शांत जपान वाटतो; हासुमी म्हणतात की याच्या चित्रपटांत आभाळ जवळजवळ कायम निरभ्र असतं, पाऊस क्वचित पडतो. काळ्या-पांढऱ्या चित्रपटांतही ऊन आहे, ते आपल्याला नंतर कळतं, रंगीत पाहून झाल्यावर.

प्रिंटचाही यात हात आहे. जुन्या प्रेक्षकांनी जे रंगीत ओझू पाहिले ते पुष्कळदा विटलेल्या प्रिंट्सवर, जिथे लाल विटकरी झाला होता आणि निळा उडून गेला होता. २०१३ साली, जन्माला ११० वर्षं झाली त्या निमित्ताने, शोचिकूने आपल्याकडचे त्याचे चार रंगीत चित्रपट डिजिटल पद्धतीने पुन्हा उजळले. आत्सुताच्या कॅमेरा चमूत साहाय्यक असलेले ताकाशी कावामाता आणि नंतरच्या पिढीतले छायाचित्रकार मासाशी चिकामोरी रंग तपासायला बसले होते.  तरीही काहींना हे नवे रंग फार धुतल्यासारखे वाटतात. मला मात्र स्वच्छ प्रिंटवर पहिल्यांदा ‘दि एंड ऑफ समर’च्या शेवटाचा धक्का बसला: स्मशानाच्या धुराड्यातून निघणारा धूर, नदीत काहीतरी धूत बसलेलं शेतकरी जोडपं, पुलावरून जाणारी काळ्या किमोनोंची रांग, कावळे. सबंध चित्रपटभर रंगांत लोळल्यावर ओझू आपल्याला काळ्यापाशी आणून सोडतो. ज्यांना रंगीत ओझू गोड वाटतो त्यांनी ही शेवटची काही मिनिटं पुन्हा पाहावीत.

एक मात्र मी काळ्या-पांढऱ्याच्या बाजूला मोकळ्या मनाने देऊन टाकते. ‘टोकियो ट्वायलाइट’ रंगात झाला नसता. हिवाळ्यातलं टोकियो, घर सोडून गेलेली आई, नको त्या वेळी दिवस गेलेली धाकटी मुलगी, माजाँग खेळण्याचा अड्डा, कोंदट चहाघरं. त्यात लाल किटलीला जागाच नाही. तो ओझूचा शेवटचा काळा-पांढरा चित्रपट, आणि मला कायम वाटतं की इथून पुढे त्या दिशेला रस्ताच नव्हता. अंधार आणखी किती गडद करणार? पुढच्याच वर्षी त्याने टोकियो स्टेशनवर नव्या नवऱ्यानवरींची लगबग दाखवत ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’ सुरू केला.

‘ॲन ऑटम आफ्टरनून’ची पटकथा कोगो नोदाबरोबर लिहिण्याच्या काळातच, फेब्रुवारी १९६२ मध्ये, ओझूची आई गेली. तो अविवाहित होता, आईबरोबर कामाकुराला राहत होता. मुलीच्या लग्नानंतर एकट्या पडणाऱ्या आईबापांच्या एवढ्या गोष्टी सांगणाऱ्या या माणसाला मूलबाळ नव्हतं. सोडून जाणारं कुणी नव्हतं, आणि मागे राहणं मात्र त्याच्या वाट्याला आलं. हे कळल्यावर शेवटच्या दृश्यातलं स्वयंपाकघर मी वेगळ्या नजरेने पाहते, पण त्यावर जास्त बोलायला मला संकोच वाटतो.

कुणी मला विचारलं की ओझू कुठून सुरू करू, तर मी ‘टोकियो स्टोरी’ सांगत नाही. आधी ‘लेट स्प्रिंग’, मग आठ-पंधरा दिवस जाऊ द्यायचे, मग ‘लेट ऑटम’. मधल्या दिवसांत त्याच्याबद्दल काही वाचायचं नाही. त्यानंतर ‘फ्लोटिंग वीड्स’, आणि जमलं तर त्याचा मूकपट. ‘ॲन ऑटम आफ्टरनून’ सगळ्यांत शेवटी, शक्यतो मोठ्या पडद्यावर, कारण त्यातले लाल कोपरे मोबाइलवर हरवतात. आणि ‘टोकियो ट्वायलाइट’ एकट्याने पाहू नका, कुणाला तरी सोबत घ्या.